निवडुंगाच्या माळावरचा नांगर



तुमच्या गोठ्यामागे, परसात किंवा वैरणीच्या गंजीआड एखादा जुना लोखंडी नांगर अजून पडून असेल. रुमण्याचा रंग उडालेला, फाळ झिजून आखूड झालेला. ट्रॅक्टर दारात आला तसा तो कोपऱ्यात गेला आणि पुढे मोडीवाल्याने दोन-चार वेळा त्याची किंमतही विचारली असेल. आमच्या घरी असा एक नांगर आहे. वडील गेल्यावर भावाने तो मोडीत घालायचा विषय काढला, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "त्या नांगरानं विहिरीकडचं रान मोडलं. राहू दे तो तिथंच." तो तिथेच राहिला.

आज या नांगराची आणि तो घडवणाऱ्या माणसाची गोष्ट तुम्हाला सांगायची आहे. ती लांबची नाही. तासगावहून पलूसच्या वाटेने गेलात की किर्लोस्करवाडी लागते. आज ती पलूस तालुक्यात मोडते. पण पलूस तालुका वेगळा होण्यापूर्वी ती आपल्या तासगाव तालुक्यातच होती. त्याआधी, संस्थानी अमलात, हा मुलूख औंधच्या पंतप्रतिनिधींचा. आपल्या कितीतरी घरांतला एखादा काका, मामा किंवा आजोबा "वाडीच्या कारखान्यात" कामाला होता. पण हा कारखाना इथे माळावर आला कसा, हे घरातल्या नव्या पोरांना विचारून पाहा. फार थोड्यांना सांगता येईल.

चित्रकार व्हायला गेलेला मुलगा

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या पुस्तकांत मन रमेना. हात मात्र सदा चित्रे काढण्यात आणि यंत्रे खोलण्यात गुंतलेले. १८८५ साली ते मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. तिथे कळले, की आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग न ओळखणारा चित्रकार कसा होणार? दुसरा कोणी गाठोडे बांधून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले आणि रेघ धरली. ते यंत्रांची रेखाटने करायला शिकले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत तोच विषय शिकवू लागले.

नोकरी चांगली होती. पण बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली. बेळगावात थोरले बंधू रामूअण्णा होते. १८८८ सालापासून या दोघा भावांचा सायकलींचा धंदा चालू होता. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली घेऊन पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे आणि घेणाऱ्याला चालवायलाही शिकवायचे. वस्तू विकली म्हणजे काम संपले असे न मानता ती वापरायला शिकवायची, ही सवय त्या दुकानात लागली. पुढे नांगराच्या वेळी हीच सवय कामी आली.

बेळगावात त्यांनी छोटा कारखाना काढला. पहिल्यांदा केली कडबा कापण्याची यंत्रे. त्यानंतर हात घातला लोखंडी नांगराला. विलायतेहून लोखंडी नांगर येत होते, पण ते तिकडच्या जमिनीचे आणि तिकडच्या घोड्यांचे. आपल्या बैलांना आणि आपल्या मातीला मानवेल असे अवजार इथेच घडले पाहिजे, असे लक्ष्मणरावांचे मत होते.

गिऱ्हाईक न मिळालेला नांगर

नांगर झाला, पण तो घेईना कोणी. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. गावोगाव एकच बोलवा, की लोखंडाने जमीन विषारी होते.

आज आपण हे ऐकून हसतो. मी कृषी खात्यात तीस वर्षांच्या वर काढली. तरुण असताना मीही हसायचो. आता हसत नाही. त्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहा. त्याचा लाकडी नांगर गावच्या सुताराने बलुत्यावर केलेला. मोडला तर संध्याकाळपर्यंत सुतार दुरुस्त करून देणार. लोखंडी नांगर रोख पैशाचा, आणि पैसा म्हणजे सावकार. ओतीव लोखंडाचा भाग दगडावर बसून तडकला तर गावचा लोहार तो ठोकून सांधू शकत नाही. मग ऐन हंगामात करायचे काय?

आणखी एक गोष्ट तुम्हा जाणत्यांच्या ध्यानात येईल. हलक्या, उथळ रानात माती पलटणारा नांगर खोल घातला, की खालचा मुरूम आणि निकस माती वर येते. त्या वर्षी पीक हमखास मार खाते. कोणा एकाच्या रानात असे झाले, तर "जमीन बिघडली" ही बातमी पंचक्रोशीत फिरायला वेळ लागत नाही. तेव्हा "विष" या शब्दात निव्वळ अंधश्रद्धा नसावी. त्यात थोडा अनुभव आणि बरीचशी धास्ती असावी, असे मला वाटते.

लक्ष्मणरावांनी शेतकऱ्याला अडाणी ठरवून नांगर गुंडाळून ठेवला नाही. नांगर आपल्या मातीला लागू पडेपर्यंत ते सुधारत राहिले. त्यामागचा हिशेब सरळ होता. काळ्या जमिनीत खोल नांगरट करायची तर अवजड लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरचे नसत, सावड करावी लागे. लोखंडी नांगर त्याहून कमी बैलांवर चाले. लाकडी नांगर माती चिरतो. लोखंडी नांगर ती पलटतो. माती पलटली की हरळी-कुंद्याच्या काशा उन्हात येऊन वाळतात, धसकटे गाडली जातात, हुमणीच्या अळ्या वर येऊन पाखरांच्या तोंडी पडतात. एका शेतकऱ्याच्या रानात हे दिसले, की दुसरा बांधावर येऊन उभा राहणारच. प्रचार झाला तो असा, रानातून रानात.

बत्तीस एकर माळ

धंद्याला जरा बरे दिवस येतात तोच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला सांगितले. त्या वेळी लक्ष्मणराव औंधला एका बांधकामावर होते. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजेसाहेब. त्यांच्या कानावर ही अडचण गेली. त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. जागा कुंडल रोड स्टेशनाजवळची, बत्तीस एकर.

जागा म्हणजे काय, तर उजाड माळ. फड्या निवडुंगाची दाटी, पावलोपावली साप, आणि पाण्याची वानवा. रेल्वे जवळ होती ही एकच सोय. १० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपल्या माणसांसह या माळावर उतरले. निवडुंग तोडायचा, साप हुसकायचे, छपरे उभी करायची, भट्टी लावायची, हे सगळे एकदमच चालू. रामूअण्णांनी वसाहतीचा कारभार पाहिला, शंभोराव जांभेकरांनी यंत्रे सांभाळली, मंगेशराव रेग्यांनी हिशेब ठेवला, आणि शाळेत न रमलेले अनंतराव फळणीकर इथे यंत्रांत रमले. घरच्या बायकांनी त्या माळावर चुली मांडल्या. ओसाड रानावर पहिला संसार मांडणे किती कठीण असते, हे वस्तीवर राहायला गेलेल्या भगिनींना सांगायला नको.

त्या माळाची वाडी झाली. पुढे कुंडल रोड स्टेशनाचे नावच किर्लोस्करवाडी झाले.

ज्यांना कोणी कामाला ठेवीना

आता या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग सांगतो.

माळावर वस्ती केली तर राखण कोण करणार? लक्ष्मणरावांनी ते काम सोपवले तुकाराम रामोशी याच्यावर. हा माणूस गुन्ह्यासाठी शिक्षा भोगून आलेला. दुसरा पिऱ्या मांग; त्याच्याही नावावर गुन्हे होते. त्याच्यावरही लक्ष्मणरावांनी भरवशाचे काम सोपवले. त्या काळी इंग्रज सरकारने कायदा करून कितीतरी जातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. अशा घरातल्या माणसाला, त्यातून तुरुंगात जाऊन आलेल्याला, कोण काम देणार? आणि काम नाही म्हटल्यावर तो पुन्हा त्याच वाटेला जाणार. लक्ष्मणरावांनी राखणीचीच किल्ली त्याच्या हातात दिली, आणि त्या माणसांनी तो विश्वास राखला.

वाडीत शिवाशीव पाळायची नाही, असाही त्यांचा दंडक होता. सालाकडे लक्ष द्या. बहुतेक गावांत पाणवठे वेगळे होते तेव्हाची ही गोष्ट. भट्टीपुढे सगळ्यांचा घाम सारखाच गळतो, असे व्याख्यान देऊन ते थांबले नाहीत. वस्तीचा नियमच तसा केला. याच औंध संस्थानात पुढे आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. तिथे कैदी भिंतीशिवाय राहून शेती करू लागले. 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ सालचा बोलपट तिच्यावरूनच सुचला. माणसावर विश्वास टाकण्याचे बी या मातीत असे रुजलेले होते.

लक्ष्मणराव काही साधू नव्हते. ते कारखानदार होते. माल विकायचा, नफा करायचा, कर्ज फेडायचे हे त्यांना चुकले नव्हते. पण धंदा एकीकडे आणि समाजकार्य दुसरीकडे अशी वाटणी त्यांनी केली नाही. चांगले अवजार करणे, गावात रोजगार आणणे आणि टाकलेल्या माणसाला हाताशी धरणे, ही तिन्ही कामे त्यांनी एकाच छपराखाली केली.

तोफा वितळल्या, नांगर झाले

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. विलायतेहून येणारे कच्चे लोखंड थांबले, कोळशाचीही टंचाई झाली. लोखंडाविना कारखाना चालायचा कसा? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातल्या जुन्या तोफा देऊ केल्या. त्या भट्टीत वितळल्या आणि त्यांचे नांगर झाले. लढाईचे लोखंड असे शेतकऱ्याच्या हाती आले.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगराबरोबर उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे वाडीत होऊ लागली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून १९२६ साली परतले. त्याच सुमारास वाडीत पाण्याचे पंप तयार होऊ लागले. पुढे १९४१ साली हरिहरला यंत्रांचा कारखाना निघाला आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला तेलावर चालणाऱ्या इंजिनांचा. विहिरीवरची मोट थांबली आणि तिथे इंजिनाची टुकटुक सुरू झाली, ती तुमच्या वडीलधाऱ्यांना चांगली आठवत असेल. पहाटे उठून मोट धरणाऱ्या मुलाला शाळेला जायला सवड मिळाली, हीसुद्धा त्या इंजिनाचीच कमाई धरायला हवी.

भगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. नांगर करणाऱ्या या वाडीतून मासिकेही निघाली. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' सुरू केले, १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर'. मुंबई-पुण्यात नव्हे, आपल्या या माळावर बसून त्यांनी बायकांच्या शिक्षणाचा, विवाहाचा आणि हक्काचा विचार मराठी घरांत पोचवला.

लक्ष्मणराव १९५६ साली वारले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

माझी एक चूक

आता एक स्वतःची गोष्ट. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. एका गावात मी नव्या पेरणीयंत्राचे प्रात्यक्षिक ठेवले. वरून आलेले पत्रक मला पाठ होते. आदल्या रात्री पाऊस झालेला, रान काळे आणि चिकट. गावातले एक वयस्कर बाबा म्हणाले, "साहेब, आज वापसा न्हाई. दोन दिस थांबा." मी थांबलो नाही. चार सऱ्या जात नाहीत तोवर नळ्या चिखलाने बुजल्या. बी कुठे ढीगभर पडले, कुठे पडलेच नाही. ज्याचे रान होते त्याचे बियाणे वाया गेले, दुबार पेरणी करावी लागली. यंत्र वाईट नव्हते. मी घाई केली आणि ज्याला माती ठाऊक होती त्याचे ऐकले नाही. त्या गावाने पुढे पाच-सहा वर्षे ते यंत्र दारात उभे केले नाही, आणि त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही.

त्या दिवसापासून मला पहिला नांगर विकला जाण्याआधीची ती दोन वर्षे कळली. शेतकऱ्याचा संशय म्हणजे विकणाऱ्याची परीक्षा असते. लक्ष्मणराव तीत उतरले, मी नापास झालो.

घेण्यापूर्वी चार प्रश्न

आज तुमच्या दारात नांगर विकणारा एकटा किर्लोस्कर नाही. फवारणीचे ब्लोअर, रोटाव्हेटर, ठिबक, बेदाण्याची यंत्रे, नाना तऱ्हेची औषधे घेऊन रोज कोणीतरी येते. द्राक्षबागेच्या कर्जात आणखी एका कर्जाची भर पडते. म्हणून कोणतेही अवजार घेण्यापूर्वी घरात बसून, बायको-मुलांसमक्ष, हे चार प्रश्न विचारा.

पहिला : हे माझ्या रानात चालवून दाखवाल का? प्रदर्शनातल्या मऊ मातीत सगळेच चालते. तुमच्या चुनखडीत, तुमच्या मुरमाडात चालले पाहिजे.

दुसरा : झिजणारा भाग तालुक्याला मिळतो का? जुन्या नांगराची खुबी हीच, की फाळ झिजला तर फाळ बदला. नांगर तोच राहतो. एका सुट्या भागासाठी हंगाम अडत असेल तर ते अवजार स्वस्त असूनही महाग.

तिसरा : बिघडले तर दुरुस्त कोण करणार, आणि तो किती दिवसांत येणार?

चौथा : वर्षातून किती दिवस लागणार? फार थोडे दिवस लागणारे यंत्र एकट्याने घेऊ नका. चौघांत मिळून घ्या किंवा भाड्याने आणा. आपल्या आजोबांची सावड म्हणजे दुसरे काय होते?

नांगरटीबद्दलही दोन शब्द. नांगर चांगला म्हणून दरसाल खोल घालू नका. भारी काळ्या रानात दोन-तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट पुरते. हलक्या रानात बेताने, आणि नेहमी उताराला आडवी. दरवर्षी एकाच खोलीवर ट्रॅक्टर फिरवला, तर खाली मातीचा घट्ट थर बसतो, पाणी मुरत नाही आणि मुळ्या अडतात. दोष लोखंडाचा नसतो. ते कसे चालवले याचा असतो.

पोरांना घेऊन जा

शेवटी एक विनंती. सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन एकदा त्या बाजूला जा. स्टेशनावरची पाटी दाखवा आणि सांगा, की इथे एके काळी निवडुंग आणि साप होते. रंग न ओळखता येणारा एक माणूस आला, आणि ज्याला कोणी उभे करीत नव्हते अशा माणसावर त्याने राखण सोपवली.

आपल्या घरातला मुलगा किंवा मुलगी दहावी-बारावीत मागे पडली, की आपण कपाळाला हात लावतो. पण त्याच मुलाने कधी पंप खोलून पुन्हा जोडला असेल, फवारणीचा नोझल स्वतः दुरुस्त केला असेल, तर त्याच्याकडे नीट पाहा. त्याला आयटीआयला घाला, गावातल्या फिटरच्या हाताखाली ठेवा. शाळेच्या पुस्तकांत न रमलेल्या एका पोराने या मुलखाला नांगर दिला, हे विसरू नका.

आणि तुमच्या गावातही कुणी शिक्षा भोगून आलेला असेल, दारू सोडून सुधारू पाहणारा असेल, ज्याला कोणी कामाला सांगत नाही असा असेल. सुगीला त्याला बोलवा. सुरुवातीला लहान काम द्या, पण विश्वासाने द्या. वाडीच्या माळावर सव्वाशे वर्षांपूर्वी नाही, तरी शंभरावर वर्षांपूर्वी हे करून पाहिले आहे, आणि ते फळाला आले आहे.

आमचा जुना नांगर यंदा दसऱ्याला मी घासूनपुसून काढला. आईने त्याला हळदकुंकू लावले. तुमचाही कोपऱ्यात पडला असेल तर एकदा पुसा. मोडीवाल्याला मात्र देऊ नका.